पंचविसावा आठवडा

काही शब्द असे असतात, की ते कानावर पडताच मनुष्य निर्धास्त होतो. 'स्वेच्छा' हा त्यांपैकी एक. जे आपल्या इच्छेने घडते त्यात जबरदस्ती कोठून असणार, असे आपण धरून चालतो. परंतु धर्मग्रामांत वावरताना हा शब्द आम्ही पुष्कळदा छापील कागदावर वाचला आहे, आणि त्या कागदाखाली सही करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून प्रत्येक वेळी आमच्या मनात आले आहे, की ही इच्छा नेमकी कोणाची?

आमच्या वसईच्या लोकांना हा शब्द नवा नाही. गिरण्या मोडल्या, कारखाने ठाणे-मुंबईतून उठून गेले, आणि २०००-०१ साली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. देशभरात एक लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांनी ती त्या वेळी स्वीकारली. त्यांत पहाटेची लोकल गाठून चर्चगेटला जाणारे आमच्या धर्मग्रामांतले किती तरी होते. आम्ही तेव्हा नुकतेच दीक्षित झालेले साहाय्यक धर्मगुरू होतो. योजनेच्या रकमेपैकी पाच लाख रुपयांपर्यंत आयकर माफ, एवढेच वाक्य तेव्हा घराघरांतून ऐकू येई. कोणी त्या पैशांतून घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले, कोणी टेम्पो घेतला. काहींचे भले झाले. काहींचा पैसा सरला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेला पुरुष तेवढा उरला. त्यांपैकी कोणालाही धक्का मारून बाहेर काढलेले नव्हते. सर्वांनी स्वेच्छेनेच सही केली होती.

त्या काळी सही करणारे बहुतेक पुरुष होते. आता त्यांच्या लेकींची पाळी आली आहे, आणि त्यांतील पुष्कळ जणी सातासमुद्रांपलीकडे नोकरी करतात. अशाच एका लेकीच्या कागदाविषयी आम्ही आज लिहीत आहोत. तिची आणि तिच्या घरच्यांची संमती आहे. नावगाव मात्र आम्ही मुद्दामच घेत नाही.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर तिचे आईवडील आमच्याकडे आले. वडील बँकेतून २००१ साली स्वेच्छेने निवृत्त झालेले. आई शिक्षिका होत्या. मुलगी तेहतीस वर्षांची, इंग्लंडमधल्या एका शहरात एका खासगी कंपनीच्या कार्यालयात सात वर्षे नोकरीला. नवराही आपल्याकडचाच, तेथेच कामाला. मुलीला पहिल्यांदाच दिवस गेले होते. चवथा महिना सरून पाचवा लागला होता. आणि त्याच सुमारास कंपनीने तिच्या विभागातल्या सर्वांना पत्र दिले होते, की आम्हांला माणसे कमी करायची आहेत. जे आपण होऊन पुढे येतील त्यांना कायद्याने देणे असलेल्या रकमेच्या तिप्पट रक्कम देऊ.

वडिलांचे मत स्पष्ट होते. ते म्हणाले, "फादर, मी सांगतो, घेऊन टाक. पैसे हातात पडतात तेव्हा घ्यावेत. नाहीतरी बाळ झाल्यावर घरीच बसायचे आहे." आईंचे मत तितकेच स्पष्ट आणि नेमके उलट होते. "घरी बसायचे तर रजेवर बसू दे. नोकरी सोडली तर बाळंतपणाचा पगार कोण देणार?" दोघेही गेला आठवडाभर मुलीशी फोनवर हेच बोलत होते, आणि मुलगी मधल्या मध्ये रडकुंडीला आली होती. आम्ही तरुणपणी चार वर्षे इंग्लंडमधल्या एका धर्मग्रामात सेवा केलेली असल्याने तिकडचे कागद आम्हांला वाचता येतात, अशी आमची ख्याती आहे. म्हणून ते पत्र छापून त्यांनी आमच्यापुढे ठेवले.

घेऊन टाक किंवा सोडून दे असे सांगणे आमचे काम नव्हे. आम्ही एवढेच म्हणालो, की आधी कागद वाचू, मग मत बनवू. त्यानंतर पुढचे तीन आठवडे मुलगी, तिचा नवरा आणि आम्ही जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो. कारण वसईच्या किती घरांतली मुले आज परदेशात आहेत हे आम्ही सांगायला नको.

पहिली गोष्ट ही, की तिकडची स्वेच्छानिवृत्ती म्हणजे राजीनामा नव्हे. तेथील कायद्याच्या दृष्टीने ती नोकरकपातच असते. फक्त कोणाला कमी करायचे हे ठरवताना जो स्वतः पुढे येतो त्याला निवडले जाते. हा भेद शाब्दिक नाही. राजीनामा दिला तर नोकरकपातीची कायदेशीर रक्कम मिळत नाही. म्हणून कागदावर 'नोकरकपातीमुळे सेवा समाप्त' असे लिहिले आहे, की 'मी राजीनामा देत आहे' असे, हे आधी पाहायचे.

दुसरी गोष्ट, हातात येणारा पैसा एकच दिसत असला तरी तो तीन जातींचा असतो, आणि प्रत्येक जातीला कराचा नियम निराळा आहे.

पहिली जात नोकरी गेल्याच्या भरपाईची. दोन वर्षे सेवा झालेल्याला ही मिळते. बावीस ते चाळीस या वयातल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला एक आठवड्याचा पगार, असा तिचा हिशोब. मुलीचा आठवड्याचा पगार ६०० पौंड. सात वर्षांचे झाले ४,२०० पौंड. कंपनी तिप्पट देत होती, म्हणजे १२,६०० पौंड. पौंड शंभर रुपयांहून अधिक महाग असल्याने हा आकडा ऐकून वडिलांचे डोळे का विस्फारले ते आम्ही समजू शकतो. शिवाय अशा भरपाईपैकी पहिल्या ३०,००० पौंडांवर तिकडे आयकर लागत नाही. ही मर्यादा १९८८ सालापासून तीच आहे. तेव्हा हे १२,६०० पौंड पूर्ण करमुक्त.

दुसरी जात शेवटच्या पगाराची. उरलेल्या रजेचे पैसे, नोटिशीच्या काळात काम केले तर त्याचा पगार, किंवा काम न करताच नोटिशीचे म्हणून दिलेले पैसे. ही सर्व कमाईच समजली जाते आणि तिच्यावर नेहमीप्रमाणे कर लागतो. नोटिशीऐवजी दिलेले पैसे पूर्वी कधी कधी करातून सुटत. एप्रिल २०१८ पासून तेही सुटत नाहीत.

तिसरी जात बाळंतपणाच्या पगाराची. येथेच घरच्यांचे भांडण अडले होते. आईंना वाटत होते, की नोकरी गेली की हा पगार गेला. वडिलांना वाटत होते, की तो मिळो वा न मिळो, मोठी रक्कम मिळते आहे ना. दोघांचेही अर्धेच बरोबर होते.

तिकडे कायद्याने ठरलेला बाळंतपणाचा पगार ३९ आठवडे मिळतो. पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के; पुढचे ३३ आठवडे एक ठरावीक रक्कम, किंवा ९० टक्के, यांत जे कमी असेल ते. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी ही ठरावीक रक्कम आठवड्याला १८७ पौंड १८ पेन्स होती. दर एप्रिलात ती थोडीफार बदलते. हा पगार मिळण्यासाठी एक कसोटी आहे. बाळ ज्या आठवड्यात अपेक्षित आहे, त्याच्या मागे पंधरा आठवडे मोजत जायचे. जो आठवडा येईल त्याला ते पात्रतेचा आठवडा म्हणतात. गरोदरपणाच्या हिशोबाने तो साधारण पंचविसावा आठवडा असतो. त्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे नोकरी झालेली असावी, पगार एका किमान मर्यादेच्या वर असावा, आणि त्या आठवड्यात निदान एक दिवस तरी नोकरी चालू असावी. एकदा ही रेघ ओलांडली, की त्यानंतर नोकरी सुटली तरी, आणि ती कोणत्याही कारणाने सुटली तरी, पुरे ३९ आठवडे पगार देणे जुन्या मालकावर बंधनकारक राहते. रेघेच्या अलीकडे नोकरी सुटली, तर मालकाकडून काहीच मिळत नाही.

आता पत्रातली तारीख. मुलीचे बाळंतपण १८ जानेवारी २०२६ पासून सुरू होणाऱ्या आठवड्यात अपेक्षित होते. पंधरा आठवडे मागे गेले, की येते रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. आणि कंपनीने स्वेच्छेने जाणाऱ्या सर्वांसाठी सेवेचा शेवटचा दिवस ठरवला होता ३० सप्टेंबर.

पाच दिवस!

हे आमच्या लक्षात आले तेव्हा वडील एकदम संतापले. "मुद्दाम केलेय त्यांनी!" ते म्हणाले. परंतु तसे काही नव्हते. मुलीने आपण गरोदर असल्याचे कंपनीत कोणालाच सांगितलेले नव्हते. सांगण्यास तिला अजून अवधी होता. ३० सप्टेंबर ही तिमाहीची अखेर. हिशोब बंद करायला सोयीची म्हणून ती कोणा लेखापालाने निवडली असणार. कोणाच्याही मनात पाप नव्हते, आणि तरीही एका आईचा नऊ महिन्यांचा पगार त्या तारखेखाली चिरडला जात होता. आम्ही पुष्कळ विचार केला आहे या गोष्टीवर. जगातला बराचसा अन्याय दुष्टपणाने होत नाही. तो सोयीच्या तारखांनी होतो. दुष्टपणाशी झगडता येते. सोयीच्या तारखेला मात्र कोणीतरी जाऊन नम्रपणे सांगावे लागते, की हिच्याखाली एक माणूस आहे.

सांगायचे तर गरोदर असल्याचे उघड करावे लागणार, आणि मुलीला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. सांगितले तर देऊ केलेली तिप्पट रक्कम ते मागे घेतील का? पुढे सक्तीची कपात झाली तर आपलेच नाव पहिले येईल का? फोनवर ती म्हणाली, "फादर, गप्प राहिले तर निदान बारा हजार नक्की आहेत." ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. घर भाड्याचे होते आणि येणारे बाळ पहिले होते. पण गप्प राहिल्यास काय हरवते हे तिलाही पुरते ठाऊक नव्हते.

म्हणून आम्ही तिघांनी वही घेऊन हिशोब मांडला. आकडे रुक्ष असतात हे खरे, पण संसारातली अर्धी भांडणे आकडे न मांडल्यामुळेच होतात असा आमचा अनुभव आहे.

३० सप्टेंबरला नोकरी सुटली, तर मालकाकडून बाळंतपणाचा पगार शून्य. मात्र तेथे सरकारचा एक निराळा मातृत्व भत्ता आहे. ज्या बाईने बाळंतपणापूर्वीच्या ६६ आठवड्यांत निदान २६ आठवडे काम केले आहे, आणि कायद्याचा पगार जिला मिळत नाही, तिला तो मिळतो. तोही ३९ आठवडे, पण पहिल्या सहा आठवड्यांचे ९० टक्के त्यात नाहीत. ३९ गुणिले १८७.१८, म्हणजे ७,३०० पौंड. यावर कर नाही.

५ ऑक्टोबर ओलांडली, तर पहिले सहा आठवडे ५४० पौंडांप्रमाणे ३,२४० आणि पुढचे ३३ आठवडे मिळून सुमारे ६,१७७. एकूण ९,४१७ पौंड. परंतु हा पगार आहे, म्हणून यावर कर आहे. तिकडचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि पहिल्या १२,५७० पौंडांच्या कमाईवर कर नसतो. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतच्या पगारातच तिची ही माफी संपलेली होती. तेव्हा ५ एप्रिल २०२६ पर्यंत हाती येणाऱ्या बाळंतपणाच्या पगारावर २० टक्के कर, सुमारे १,२४७ पौंड. शिवाय पहिल्या सहा आठवड्यांवर सामाजिक विम्याची थोडी कपात, १४३ पौंडांच्या आसपास. एप्रिलनंतरच्या सतरा आठवड्यांवर, दुसरी कमाई नसल्यास, काहीच नाही. सर्व वजा जाता हाती उरतात सुमारे ८,०२७ पौंड.

म्हणजे दोहोंतला खरा फरक निघाला सव्वासातशे पौंडांचा. आईंना वाटत होते तसे सर्वच बुडत नव्हते. रागाच्या भरात वडिलांना वाटले तशी लूटही नव्हती. परंतु तारीख महिनाभर पुढे गेली तर ऑक्टोबरचा पगारही मिळणार होता, तो वेगळा. आणि एक गोष्ट आम्ही अधोरेखित करून ठेवली. कंपनीने 'सगळा बाळंतपणाचा पगार एकदमच देऊन टाकतो' म्हटले, तर लगेच हो म्हणू नये. सगळी रक्कम एकाच करवर्षात आली, तर एप्रिलनंतरच्या सतरा आठवड्यांचीही माफी हातची जाते.

हिशोबाच्या पुढच्या पानावर मात्र वडील गप्प झाले. मुलीच्या नेमणुकीच्या करारात एक कलम होते: नोकरीत राहून रजेवर जाणाऱ्या आईला कंपनी पहिले सोळा आठवडे पूर्ण पगार देते. म्हणजे ९,६०० पौंड, आणि उरलेल्या २३ आठवड्यांचे कायद्याप्रमाणे ४,३०५, एकूण १३,९०५. नोकरी सुटली की हे जादा देणे सुटते, फक्त कायद्यापुरते उरते. हा फरक ४,४८८ पौंडांचा. याचा अर्थ, जे १२,६०० पौंड नफा म्हणून दिसत होते, त्यातले साडेचार हजारांच्या आसपास तिचे स्वतःचेच पैसे होते. ते एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले जात होते. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, "आमच्या वेळी असा कोणी मांडून दाखवला नाही." चोवीस वर्षांपूर्वीची त्यांची सही त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी. आम्ही काही बोललो नाही.

आणि पैशांत न मोजता येणारी एक गोष्टही होती. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे, की गरोदर असल्याचे मालकाला सांगितल्या दिवसापासून, आणि बाळंतपणाची रजा घेतल्यास पुढे बाळ दीड वर्षाचे होईपर्यंत, नोकरकपात करायची झाल्यास कंपनीत उपलब्ध असलेली योग्य जागा त्या स्त्रीला इतरांच्या आधी देऊ केली पाहिजे. २०२३ सालच्या कायद्याने हे संरक्षण गरोदरपणापर्यंत मागे आणले. पूर्वी ते केवळ रजेवर असणारीला होते. पण या संरक्षणाची किल्ली एकच: सांगणे. जिने सांगितलेच नाही तिला ते नाही. ज्या मौनात मुलगी सुरक्षित होती असे तिला वाटत होते, त्याच मौनाने तिचे कवच काढून घेतले होते.

तिने सांगितले. त्या आधी तिने तेथील नोकरदारांना मोफत सल्ला देणाऱ्या 'एकास' या सार्वजनिक संस्थेला फोन करून आपला हिशोब तपासून घेतला, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. शेजारच्या बाईने सांगितलेले आणि फादरने सांगितलेले, या दोहोंपेक्षाही अशा ठिकाणी विचारलेले बरे. मग तिने कंपनीला एक छोटेसे पत्र लिहिले. आरोप नाही, तक्रार नाही. मी गरोदर आहे. अमुक आठवड्यात बाळ अपेक्षित आहे. आपण ठेवलेल्या तारखेमुळे मी पात्रतेच्या आठवड्याला पाच दिवसांनी मुकते. माझ्यासाठी योग्य अशी दुसरी जागा असल्यास ती दाखवावी, नसल्यास सेवेचा शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर करावा. आणखी एक वाक्य नवऱ्याच्या सूचनेने घातले: बाळंतपणाच्या कायदेशीर पगारातले ९२ टक्के मोठ्या मालकाला सरकारकडून परत मिळतात, तेव्हा यात कंपनीवर फारसा बोजा नाही.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत तिची आई रोज सकाळी देवळात येऊन शेवटच्या बाकावर बसत असे. उत्तर सरळ आले. जागा होती, पण तीनशे किलोमीटर दूरच्या शहरात. नवऱ्याची नोकरी सोडून तेथे जाणे शक्य नव्हते. तारीख मात्र त्यांनी ३१ ऑक्टोबर केली. तिप्पट रक्कम तशीच ठेवली. पत्राच्या शेवटी अभिनंदनही होते.

आता निर्णय खरोखरच तिचा होता. नोकरीत राहून सोळा आठवड्यांचा पूर्ण पगार घ्यायचा आणि विभाग पुढेमागे बंद पडला तर तेव्हाचे तेव्हा पाहायचे. की आज भरपाई आणि कायद्याचा पगार घेऊन बाहेर पडायचे. आईंनी तिला एकदाच विचारले, "तुला काय हवेय, बाय?" इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. तिने बाहेर पडायचे ठरवले. विभाग टिकेल असे तिला वाटत नव्हते, आणि बाळ दीडेक वर्षाचे झाल्यावर जवळच्या शाळेच्या कार्यालयात काम पाहावे असे तिच्या मनात पूर्वीपासून होते. २ नोव्हेंबरपासून तिचा बाळंतपणाचा पगार सुरू झाला. अपेक्षित आठवड्याच्या मागे अकरा आठवडे मोजले की ती तारीख येते. त्याआधी नोकरी सुटलेल्यांना तो तेथूनच मिळू लागतो. जानेवारीत मुलगा झाला. आजी तिकडे जाऊन तीन महिने राहून आल्या.

वडिलांच्या मते शेवटी त्यांचेच खरे झाले. आईंच्या मते त्यांचे. आम्हांला विचाराल तर दोघांचेही झाले नाही. सही करण्याचे ठरवणारी ऑगस्टमधली मुलगी आणि सही करणारी ऑक्टोबरमधली मुलगी एकच असली, तरी पहिलीच्या सहीला स्वेच्छा म्हणता आले नसते. तिला तारीख ठाऊक नव्हती, कलम ठाऊक नव्हते, आणि बोलायची भीती होती. भीतीने आणि अज्ञानाने केलेली निवड ही इच्छा नव्हे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही हे पाठ केले होते. ते नोकरकपातीच्या कागदालाही लागू पडते हे आम्हांला या कुटुंबाने दाखवले.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे विलायतेतले झाले, आम्हांला त्याचे काय? मातृत्वाच्या काळातल्या वेतनाचा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या स्त्री-कामगारांच्या प्रसूती भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ साली त्यातली रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. आपल्याकडेही कसोटी आहे: अपेक्षित बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान ऐंशी दिवस काम झालेले असावे. गरोदरपणामुळे कामावरून काढणे बेकायदा आहे. पण बाई आपण होऊन राजीनाम्यावर सही करते, तेव्हा हे संरक्षण तिच्या हातून निसटू लागते. म्हणूनच 'तूच राजीनामा दे, म्हणजे तुझे रेकॉर्ड चांगले राहील' असे गोड बोलणाऱ्यापासून आमच्या मुलींनी सावध राहावे. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमावरील आपल्या परिपत्रकात कामाची रचनाच अशी असावी असे मांडले, की स्त्रीला पुढे जाण्यासाठी कुटुंबाची किंमत मोजावी लागू नये. ते वाचायला सुंदर आहे. ते खरे करण्यासाठी मात्र कोणाला तरी तारखा मोजाव्या लागतात.

तेव्हा ज्यांच्या लेकीसुना ब्रिटनमध्ये आहेत त्यांच्यासाठी आमचे सांगणे थोडक्यात असे. असे पत्र आले, तर सर्वांत आधी बाळंतपणाच्या आठवड्यापासून पंधरा आठवडे मागे मोजा आणि नोकरीचा शेवटचा दिवस त्या रेघेच्या कोणत्या बाजूला पडतो ते पाहा. नोटिशीचा काळ काम करून काढायचा, की पैसे घेऊन आजच सुटायचे, हा प्रश्नही याच रेघेवर तपासा. कारण पैसे घेऊन आज सुटले, तर नोकरी आजच संपते. नेमणुकीच्या करारातले बाळंतपणाचे कलम काढून वाचा आणि ते पैसे भरपाईतून मनातल्या मनात वजा करा. बाळ झाल्यानंतर लगेच नव्या मालकाकडे काम धरले, तर जुन्या मालकाकडून मिळणारा पगार थांबू शकतो, हे ध्यानात ठेवा. आणि आमच्या या मुलीला तेथे कायम राहण्याचा परवाना होता. जी कंपनीच्या परवान्यावर, म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, तिचा प्रश्न पैशांहून मोठा आहे. नोकरी गेल्यावर नवा मालक शोधण्यास तिला साधारणतः साठच दिवस मिळतात. तिने सहीपूर्वी त्या विषयाच्या जाणकाराला विचारल्याखेराज पाऊल उचलू नये.

आणि घरच्यांसाठी एकच गोष्ट. फोनवर 'घेऊन टाक' किंवा 'सोडू नकोस' म्हणण्याआधी तिला विचारा, की तुला काय हवे आहे. उत्तर ऐकण्याइतका वेळ फोन कानाला धरून ठेवा. तारीख कंपनी बदलू शकते, रक्कमही बदलू शकते. हा प्रश्न मात्र तिला घरच्यांनीच विचारायचा असतो.